दूध बाधते? आधी पारखून पाहा



दूध म्हणजे पूर्णान्न, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. आजारातून उठलेल्याला, गरोदर स्त्रीला, परीक्षेला बसणाऱ्या मुलाला घरची माणसे पोटाला चिमटा काढून दुधाचा पेला देतात. परंतु दूध प्यायल्यावर तासा-दोन तासांत पोट गुडगुडणे, फुगणे, कळ येणे व शौचास पळावे लागणे, असा त्रास होणारी माणसेही आपल्यात आहेत. बुद्ध पौर्णिमेच्या खीरदानानंतर असे झाले, तरी संकोचापोटी ती बोलत नाहीत. त्यांच्यासाठी ही माहिती देत आहोत.

असे का होते?

दुधात लॅक्टोज नावाची साखर, म्हणजेच दुग्धशर्करा असते. लहान आतड्यातील लॅक्टेज हे विकर तिचे ग्लुकोज व गॅलॅक्टोज असे दोन भाग करते, तेव्हाच ती रक्तात शोषली जाते. तान्हेपणी हे विकर भरपूर असते. पुढे बहुतेक माणसांत ते कमी होत जाते. जगातील सुमारे दोन-तृतीयांश लोकांची दुग्धशर्करा पचविण्याची शक्ती अशी घटलेली असते. मात्र त्या सर्वांनाच त्रास होतो असे नाही. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात उतरली की तेथील जीवाणू तिला आंबवतात व वायू धरतो. ती पाणीही ओढून घेते, म्हणून जुलाब होतात. ही बहुधा आनुवंशिक गोष्ट आहे. यात कमीपणा कसलाच नाही.

कसे ओळखावे?

समजा, महाडच्या एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्या चाळिशीतील कामगाराला सकाळी पेलाभर दूध घेतल्यावर त्रास होतो. त्याने काय, किती व केव्हा खाल्ले आणि त्रास केव्हा झाला, हे वहीत टिपून ठेवावे. नंतर दोन आठवडे दूध, खीर, बासुंदी, पेढे व आईस्क्रीम बंद ठेवून चहा कोरा घ्यावा. बाकी आहार नेहमीचाच असावा. पोट शांत झाल्यास पुन्हा थोडे दूध घेऊन पाहावे. त्रास परतला, तर संशय बळावतो. एका दिवसाच्या अनुभवावरून मात्र निष्कर्ष काढू नये. मोठ्या शहरांतील काही रुग्णालयांत श्वासातील हायड्रोजन मोजून याची तपासणी करता येते.

दुखणे दुसरेच नाही ना?

जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने महाड बुडाले होते. अशा पुरानंतर, किंवा एरवीच्या पावसाळ्यातही, दूषित पाण्याने जुलाब व आव होते. त्यात आतड्याचे अस्तर दुखावले, तर काही दिवस ते काही आठवडे दूध पचत नाही. हा दोष तात्पुरता असतो. परंतु शौचावाटे रक्त, ताप, घटणारे वजन, रक्तक्षय किंवा झोपेतून उठविणारे जुलाब असल्यास दुधाला दोष देत घरी बसू नये. लगेच ग्रामीण रुग्णालयात किंवा डॉक्टरांकडे जावे. दुधाने अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, धाप लागणे ही अ‍ॅलर्जी होय. ती वेगळी व धोक्याची आहे. आणि तान्ह्या बाळाचे अंगावरचे दूध आपल्या मनाने कधीही तोडू नये.

आहार कसा असावा?

दूध सर्वस्वी सोडण्याची गरज बहुतेकांना पडत नाही. २०० मिलिलिटर दुधात सुमारे १० ग्रॅम दुग्धशर्करा असते. एवढे एकदम न सोसणाऱ्याला चहापुरते किंवा जेवणासोबत घेतलेले थोडे दूध चालू शकते. उकळून किंवा हळद घालून ही साखर नाहीशी होत नाही. गाय, म्हैस, शेळी या तिन्हींच्या दुधात ती असतेच. दह्यात मात्र विरजणातील जीवाणू तिचा काही भाग संपवतात व उरलेली पचविण्यास मदत करतात. म्हणून दही व ताक अनेकांना मानवते. तुपात ती जवळजवळ नसतेच. खव्यात मात्र ती एकवटलेली असते.

दूध कमी केले, तर कॅल्शियम कोठून मिळणार? प्रौढ माणसाला ते रोज सुमारे १००० मिलिग्रॅम लागते. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात ते सुमारे १२० मिलिग्रॅम, तर १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. पोलादपूरच्या डोंगरउतारावर पिकणारी ही नाचणी आपण गरिबाचे अन्न म्हणून मागे सारली. नाचणीची भाकरी व आंबील, तिळाची चटणी, शेवग्याचा पाला, माठ, जवळा आणि काट्यांसकट खाता येणारी बारीक सुकी मासळी जेवणात असली, तर बरीचशी भरपाई होते. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी मात्र दूध बंद करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

विद्यार्थी मित्रांनो, घरात कोणी दूध नको म्हणत असेल, तर त्याला हसू नका. त्याला वही द्या आणि दोन आठवड्यांचे टिपण ठेवायला मदत करा. आणि आपल्या कार्यक्रमांत खिरीचे एक पातेले नारळाच्या दुधाचे ठेवता आले, तर पंगतीतून कोणालाही पोटाच्या धास्तीने उठावे लागणार नाही.