सॉफ्टबॉल : टोल्यांतील दोष आणि त्यांचें मूळ

सॉफ्टबॉल हा खेळ आपल्यापैकीं बहुतेक पालकांनीं लहानपणीं खेळलेला नसतो. त्यांच्या हातीं प्रथम विटीदांडू आला आणि पुढें क्रिकेटची बॅट. त्यामुळें आपली मुलगी किंवा मुलगा शाळेच्या सॉफ्टबॉल संघांत निवडला गेला, कीं मैदानाच्या कडेला उभे राहून काय सांगावें हें त्यांना कळत नाहीं. आणि जें सांगतात तें बहुधा क्रिकेटमधलें असतें. बॅटीचा फेरा कोठें बिघडतो, तो बिघाड कसा ओळखावा व कोणत्या क्रमानें दुरुस्त करावा, एवढेंच या लेखांत पाहावयाचें आहे. विवेचन उजव्या हातानें खेळणाऱ्यांस धरून केलें आहे. डावखुऱ्या विद्यार्थ्यांनीं दिशा उलट समजाव्या.

हा खेळ १८८७ सालीं अमेरिकेंतील शिकागो शहरीं जन्मास आला. फुटबॉलच्या एका सामन्याचा निकाल ऐकण्यासाठीं तेथील एका क्लबांत जमलेल्या तरुणांपैकीं एकानें मुष्टियुद्धाचा हातमोजा फेकला, दुसऱ्यानें तो काठीनें टोलविला, आणि जॉर्ज हॅनकॉक या गृहस्थांस त्या थट्टेंत एक खेळ दिसला. हातमोजा दोरीनें घट्ट बांधून त्याचा चेंडू करण्यांत आला व झाडूचा दांडा बॅट झाला. ‘सॉफ्टबॉल’ हें नांव पुष्कळ पुढें, १९२६ सालीं, सुचविलें गेलें. आजचा चेंडू मात्र नांवाप्रमाणें मऊ राहिलेला नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें. कारण पुढें वर्णिलेल्या कित्येक दोषांचें मूळ चेंडूच्या या कठीणपणांत आहे.

या चेंडूचा घेर १२ इंच व वजन सव्वासहा ते सात औंस असतें. म्हणजे क्रिकेटच्या चेंडूहून तो आकारानेंही मोठा आणि वजनानेंही जड. महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत पिचर ४३ फुटांवरून चेंडू टाकते. लहान मुलींच्या सामन्यांत हें अंतर याहूनही कमी असतें. क्रिकेटमध्यें दोन यष्ट्यांतील अंतर ६६ फूट असतें, हें येथें आठवावें. ताशीं ५० मैल वेगानें येणारा चेंडू एका सेकंदांत सुमारें ७३ फूट जातो. यावरून हिशेब केला तर चेंडू पिचरच्या हातून सुटल्यापासून बॅटीपर्यंत येण्यास अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. तेवढ्यांत तो पाहावयाचा, मारावा कीं सोडावा हें ठरवावयाचें आणि बॅटही फिरवावयाची! इतक्या अवधींत उपदेश आठवण्यास जागाच नाहीं. शरीरास जें आधींपासून ठाऊक आहे तेंच तें करतें.

आतां एक उदाहरण घेऊं. समजा, सातवींत शिकणारी एक मुलगी आहे. सरावांत ती बरी खेळते. पण सामन्यांत तिचा चेंडू एक तर झेलासारखा आकाशांत उडतो, नाहीं तर बॅट फिरण्यापूर्वींच तो कॅचरच्या हातांत जाऊन बसतो. वडील म्हणतात, “कोपर वर धर.” मामा म्हणतात, “अग, जोरानें मार.” बाई म्हणतात, “चेंडूकडे पाहा.” तिन्ही उपदेश मायेचे आहेत. परंतु चौथ्या सामन्यापर्यंत त्या मुलीच्या डोक्यांत कोपर, जोर आणि डोळे यांची अशी गर्दी होते, कीं खुद्द चेंडूला तेथें शिरतां येत नाहीं. आणि पांचव्या सामन्याच्या सकाळीं तिचें पोट दुखूं लागतें. असे कित्येक चांगले खेळाडू खेळाला मुकतात. त्यांना खेळ आवडत नव्हता असें नव्हे. तीन वडीलधाऱ्या माणसांना एकाच वेळीं संतुष्ट कसें करावें हें त्यांना उमगलें नाहीं, इतकेंच.

दोष दिसतो हातांत, पण बहुधा त्याचा उगम त्याच्या आधीं कोठें तरी असतो. चांगल्या फेऱ्यांत शक्ति जमिनीवरून वर चढते : प्रथम पाऊल, मग गुडघे व कंबर, मग खांदे, मग हात, आणि सर्वांत शेवटीं बॅट. या साखळींतील पहिली कडी निसटली, म्हणजे पुढच्या कड्या आपापल्या परीनें तिची भरपाई करूं पाहतात. त्या भरपाईलाच आपण दोष म्हणतों आणि तिच्यावरच औषध लावीत बसतों. तेव्हां वरील मुलीच्या कोपराकडे पाहूं नका. तिच्या डाव्या पावलाकडे पाहा.

चेंडू सुटतांच तें पाऊल पिचरच्या दिशेनें न पडतां तिसऱ्या बेसकडे, म्हणजे अंगापासून दूर, पडत असेल, तर दुखणें सांपडलें. तिला चेंडूचें भय वाटत आहे. पाऊल बाहेर गेलें, कीं कंबर आणि खांदा त्याच्यामागून उघडतात, डोकें बाजूला वळतें, आणि प्लेटच्या पलीकडच्या कडेवरचा चेंडू बॅटीच्या टप्प्यांत राहतच नाहीं. मग हात लांबवून कसाबसा तो गांठण्याचा प्रयत्न होतो. वडिलांना दिसतें तें कोपर या प्रयत्नांत खालीं आलेलें असतें.

भ्यालेल्या मुलास “भिऊं नकोस” असें सांगितल्यानें भय जात नाहीं. चेंडू अंगावर आलाच तर काय करावें हें शिकविल्यानें तें पुष्कळ कमी होतें. डोक्यावर हेल्मेट असावें. चेंडू अंगाकडे येतांना दिसला, कीं हनुवटी छातीकडे घेऊन पाठ पिचरकडे करावी, म्हणजे कॅचरच्या बाजूस वळावें, व बॅट खालीं घ्यावी. तोंडावर बसणारा मार मग पाठीवर जातो. ही कृति टेनिसचे चेंडू हलकेच अंगावर टाकून हसतखेळत दहापांच वेळां करून घ्यावी. नंतर जमिनीवर खडूनें डाव्या पावलापासून पिचरच्या दिशेस एक रेघ ओढावी व आठवडाभर टेनिसच्याच चेंडूंनीं सराव द्यावा. मारलेला चेंडू कोठें गेला हें त्या आठवड्यांत कोणी विचारूं नये. पाऊल रेघेवर पडलें कीं नाहीं, एवढेंच पाहावें.

“चेंडूकडे पाहा” हा उपदेश खोटा नाहीं, पण अपुरा आहे. कोठें पाहावें? सॉफ्टबॉलचा पिचर हात डोक्यावरून गोल फिरवितो, आणि नवखा खेळाडू त्या फिरत्या हाताच्या मागें डोळे फिरवितो. चेंडू सुटतो तो मात्र खालीं, मांडीजवळ. म्हणून नजर आधींपासूनच पिचरच्या कमरेच्या बाजूस ठेवावी. डोळ्यांच्या अभ्यासाकरितां एक सोपा उपाय आहे : चेंडूंवर शाईनें मोठे आंकडे लिहावेत, आणि खेळाडूनें बॅट न फिरवितां, येणाऱ्या चेंडूवरील आंकडा मोठ्यानें सांगावा. लहान मुलांना हा खेळच वाटतो.

यापुढील दोष घरांतूनच येतो, असें म्हटल्यास पालकांनीं रागावूं नये. शाळेचा गणवेष जसा वाढत्या अंगाचा शिवतात, तशी बॅटही वाढत्या अंगाची घेतात. गणवेषाच्या बाह्या दुमडतां येतात. बॅटीचें वजन दुमडतां येत नाहीं. जड बॅट ओढण्यासाठीं मूल दोन्ही हात प्रथमच अंगापासून दूर फेंकतें, फेरा लांबतो, आणि बॅट उशिरा पोंचते. चेंडू वारंवार पहिल्या बेसच्या बाजूस, रेघेबाहेर जात असेल, तर हा उशीर झाला असें समजावें. परीक्षा अशी : बॅट एका हातानें खांद्याच्या उंचीवर आडवी धरावयास सांगावी. अर्ध्या मिनिटाच्या आंतच हात लटपटूं लागला, तर ती बॅट सध्यां थोरल्या भावंडास द्यावी. बॅट योग्य असूनही हात लांब जात असतील, तर जाळीचा उपाय करावा. जाळीकडे तोंड करून, बॅटीची मूठ पोटास टेकवून तिचें टोंक जाळीस जेमतेम लागेल एवढ्या अंतरावर उभें राहावें, आणि जागा न बदलतां पिचर डाव्या हातास आहे असें समजून बॅट सावकाश फिरवावी. हात अंगाजवळून निघाले तर बॅट जाळीस न लागतां जाते. दूर गेले तर जाळी ताबडतोब चुगली करते. भिंतीपुढें हा प्रयोग करूं नये. त्यांत बॅट व भिंत या दोहोंचेंही नुकसान आहे.

क्रिकेट खेळणाऱ्या मुलांविषयीं थोडें स्वतंत्र लिहिलें पाहिजे. त्यांना एक मोठा फायदा असतो. डावा हात मुठीच्या टोंकाकडे व उजवा त्याच्यापुढें, हा हातांचा क्रम दोन्ही खेळांत एकच. पण क्रिकेटमध्यें चेंडू बहुधा टप्पा घेऊन येतो, व सरळ खेळण्यासाठीं बॅट खालून वर, उभ्या पातळींत फिरते. सॉफ्टबॉलमध्यें टप्पा नाहीं. चेंडू गुडघ्यापासून कांखेपर्यंतच्या पट्ट्यांतून येतो, आणि बॅट जवळजवळ आडवी फिरावी लागते. जुन्या संवयीनें उजवा खांदा खालीं झुकतो, बॅट चेंडूच्या पोटाखालून वर जाते, आणि झेल उडतो. यावर “वरून खालीं मार” असें सांगण्याची एक रीत आहे. मला ती पटत नाहीं. बहुतेक चेंडू किंचित् उतरत येतात. त्यांच्या वाटेवर बॅट अधिक वेळ राहावयाची, तर तिनें किंचित् चढतच गेलें पाहिजे. लाकूड फोडल्यासारखा फेरा शिकविला, कीं झेलाऐवजीं चेंडू जमिनीवर आपटूं लागतो, एवढाच फरक. खरा उपाय खांदे समतोल ठेवण्याचा. चेंडू ठेवावयाच्या उभ्या दांड्यास ‘टी’ म्हणतात. ती छातीच्या उंचीपर्यंत वाढवून तिच्यावरचा चेंडू समोरच्या जाळींत सरळ मारावयास सांगावें. खांदा झुकला तर बॅट चेंडूस न लागतां दांड्यासच लागते, आणि मग कोणी कांहीं सांगावें लागत नाहीं.

घाई हा मोठ्या मुलांचा दोष आहे. पिचरनें मुद्दाम मंद चेंडू टाकला, कीं यांचें सारें अंग आधींच पुढच्या पायावर जाऊन पडलेलें असतें. पुढें हातांत जोर कोठून येणार? पाऊल पुढें टाकावें, पण ओल्या जमिनीवर टेकवितों तसें, भार न देतां. सरावांत पाऊल टाकून क्षणभर थांबावें, आणि मगच टोला मारावा. चेंडू टाकणारानें वेग मधूनमधून बदलावा. टोला बसतो त्या क्षणीं उजवा तळवा आकाशाकडे व डावा जमिनीकडे असावा. मनगटें त्याआधींच उलटलीं, तर चेंडू जमिनीवरून सरपटत जातो. बॅट तळव्यांत गच्च आवळल्यानेंही मनगटें अडखळतात; ती बोटांत धरावी.

सराव थोडा असावा, पण रोजचा असावा. दमलेल्या हातांनीं मारलेले शंभर टोले शंभर वेळां दोषच पक्का करतात. पंचवीस ताजे टोले पुरेत. एका आठवड्यास एकच दोष घ्यावा, आणि तो साखळींतील सर्वांत आधींचा असावा. वडील, मामा आणि बाई यांनीं आपसांत ठरवून सांगण्याचें काम एकाकडेच द्यावें. सामन्याच्या दिवशीं त्या एकानेंही गप्प राहावें.

हें शेवटचें पथ्य पालकांस सर्वांत जड जातें, कारण प्रत्येक अपयश त्यांना नवा दोष वाटतो. परंतु दहापैकीं तीन वेळां टोला मारून बेस गांठणारी खेळाडू या खेळांत चांगली गणली जाते. २००४ सालच्या अथेन्स ऑलिंपिकमध्यें अमेरिकेच्या महिलांनीं नऊ सामने जिंकतांना ५१ धावा केल्या आणि अवघी एक दिली. चार वर्षांनीं बीजिंग येथें त्याच देशाच्या संघास अंतिम सामन्यांत जपानच्या युकिको उएनो हिच्यापुढें एकच धाव मिळाली, व तो ३-१ असा हरला. आदल्या दिवशीं दोन सामने मिळून ३१८ चेंडू टाकून ती आली होती! त्या अमेरिकन खेळाडूंचे फेरे एका रात्रींत बिघडले होते असें कोणी म्हणणार नाहीं. समोरची पिचर त्या दिवशीं अधिक चांगली होती. आपल्या सातवींतल्या मुलीलाही अशी पिचर भेटूं शकते.

आपल्याकडे पावसाळ्यांत मैदान चिखलानें भरतें व सराव बंद पडतो. त्या दिवसांत जुने पायमोजे गुंडाळून शिवलेले गोळे ओसरींत चेंडूचें काम उत्तम करतात. कोणीं तरी सात-आठ हातांवरून बाजूला बसून ते खालच्या हातानें टाकावेत. फरशीवर खडूची रेघ मात्र ओढावी, आणि वरचा दिवा आधीं काढून ठेवावा.