मानेतील रोहिणीचे विदारण

पक्षाघात हा वार्धक्याचा विकार आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. आणि बव्हंशी ती खरीही आहे. परंतु तिशी-चाळिशीतील धडधाकट माणसासही तो क्वचित गाठतो. अशा वेळी ज्या कारणांचा प्रथम विचार करावा लागतो, त्यांत मानेतील रोहिणीच्या भिंतीचे विदारण हे एक प्रमुख कारण होय. रक्तप्रवाह अडल्यामुळे होणाऱ्या सर्व पक्षाघातांपैकी सुमारे 2 टक्के या कारणाने होतात; तरुण व मध्यमवयीन रुग्णांत मात्र हे प्रमाण 10 ते 25 टक्के इतके आहे. हा विकार बहुधा आगाऊ सूचना देतो. ती ओळखता यावी, म्हणून त्याची माहिती सर्वांस असणे इष्ट आहे.

रोहिणीची रचना

मेंदूस चार मोठ्या रोहिणी रक्त पुरवितात. त्यांपैकी दोन मानेच्या पुढील भागातून जातात; जबड्याखाली बोट ठेवले असता त्यांचे ठोके लागतात. उरलेल्या दोन पाठीच्या कण्यालगत वर चढतात. त्यांना कशेरुक रोहिणी म्हणतात. मानेच्या सात मणक्यांच्या दोन्ही अंगांस छिद्रे असतात. कशेरुक रोहिणी सामान्यतः सहाव्या मणक्याच्या छिद्रात शिरते, एकामागून एक छिद्रांतून वर जाते, पहिल्या मणक्यास वळसा घालते आणि कवटीच्या तळाशी असलेल्या महारंध्रातून आत प्रवेश करते. तेथे डावी व उजवी रोहिणी एकत्र मिळतात. तोल सांभाळणारा निमस्तिष्क, श्वसन व गिळणे यांचे नियंत्रण करणारा मस्तिष्क स्तंभ आणि मेंदूच्या मागील भागातील दृष्टिकेंद्रे यांचा रक्तपुरवठा मुख्यतः यांच्याकडूनच होतो.

मान वळविण्याच्या क्रियेपैकी जवळजवळ निम्मी हालचाल पहिल्या दोन मणक्यांमध्ये होते. त्यामुळे नेमक्या याच ठिकाणी रोहिणीवर ताण पडतो.

विदारण कसे होते?

रोहिणीची भिंत तीन स्तरांची असते. आतील स्तरास चीर पडली, की रक्त त्या चिरेतून भिंतीच्या स्तरांमध्ये शिरते. भिंतीत पाणी मुरून गिलाव्यास फुगवटा यावा, तसा येथे रक्ताचा फुगवटा तयार होतो व रोहिणीचा मार्ग अरुंद होतो. याहून मोठा धोका निराळाच आहे. फाटलेल्या पृष्ठभागावर रक्ताची गुठळी जमते, तिचा तुकडा सुटून प्रवाहाबरोबर मेंदूत जातो आणि तेथील लहान वाहिनी बंद करतो. कवटीच्या आतील भागात विदारण झाल्यास भिंत बाहेरच्या बाजूस फुटून मेंदूभोवती रक्तस्रावही होऊ शकतो.

कारणे

वाहनाचा अपघात वा मानेवरील आघात हे उघड कारण होय. परंतु अनेकदा निमित्त क्षुल्लक असते : जोराची शिंक, छत रंगविताना बराच वेळ वर धरलेली मान, एखादा अचानक हिसका. केस धुण्यासाठी मान मागे टाकून बसल्यानंतर मेंदूविकाराची लक्षणे दिसलेल्या पाच स्त्रियांची हकिगत 1993 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली होती. पुष्कळ रुग्णांत तर कोणतेही कारण सापडत नाही. काहींच्या संयोजी ऊतकातच आनुवंशिक दुर्बलता असते.

मान मोडण्याचा प्रश्न येथे उपस्थित होतो. केस कापून झाल्यावर मान दोन्ही बाजूंस हिसक्याने फिरवून ‘कट्’ असा आवाज काढण्याची पद्धत आपल्या देशात अनेक ठिकाणी आहे. पाश्चात्त्य देशांत असे उपचार व्यावसायिक करतात. अशा हिसक्यानंतर विदारण झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. तथापि कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात 818 रुग्णांचा अभ्यास होऊन 2008 साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, ते विचारात घेण्याजोगे आहेत. पक्षाघातापूर्वी असे रुग्ण जसे मान मोडणाऱ्या व्यावसायिकांकडे गेलेले आढळले, तसेच नेहमीच्या डॉक्टरांकडेही गेलेले आढळले. याचा एक अर्थ असा संभवतो, की काही रुग्णांत रोहिणी आधीच फाटलेली होती व त्या वेदनेमुळेच ते उपचारास गेले. यावरून हिसका निर्धोक ठरत नाही. उलट नव्याने दुखू लागलेली मान मोडून घेणे किती अविचाराचे आहे, हेच स्पष्ट होते.

लक्षणे व निदान

मानेच्या मागे किंवा डोक्याच्या मागील भागात, बहुधा एकाच बाजूस, पूर्वी कधी न अनुभवलेली तीव्र वेदना हे पहिले लक्षण होय. पक्षाघात कधी लगेच, कधी काही दिवसांनी येतो. धोका पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक असतो. भोवळ, तोल जाणे, एकाची दोन दृश्ये दिसणे, बोलणे अडखळणे, गिळण्यास त्रास आणि चेहऱ्याच्या एका बाजूस व शरीराच्या दुसऱ्या बाजूस बधिरता ही त्याची चिन्हे आहेत. या विलक्षण उलटसुलट बधिरतेचे सविस्तर वर्णन जर्मन वैद्य आडोल्फ वालेनबर्ग यांनी 1895 साली केले.

केवळ तपासणीवरून निदान निश्चित होत नाही. रक्तात रंजकद्रव्य सोडून काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये रोहिणीचा अरुंद झालेला मार्ग दिसतो. एमआरआय चित्रणात भिंतीतील रक्त चंद्रकोरीच्या आकाराचे दिसते. मेंदूच्या मागील भागातील पक्षाघात पहिल्या दिवशीच्या चित्रणात कधी कधी उमटत नाही. म्हणून लक्षणे कायम असल्यास तपासणी पुन्हा करावी लागते.

उपचार

गुठळी होऊ न देणारी औषधे सामान्यतः तीन ते सहा महिने देतात. बिंबाणूंना आवर घालणारी औषधे आणि रक्त गोठण्यास विरोध करणारी औषधे यांची तुलना ब्रिटन व ऑस्ट्रेलियातील 250 रुग्णांत करण्यात आली. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत तीन महिन्यांच्या अवधीत एकूण 4 जणांस पक्षाघात झाला व दोन्ही उपचारांत लक्षणीय फरक आढळला नाही. भिंतीची चीर बहुतेक रुग्णांत काही महिन्यांत आपोआप भरून येते.

मान दुखण्याची बहुतेक कारणे साधी असतात. त्यामुळे प्रत्येक वेदनेची धास्ती घेण्याचे कारण नाही. मात्र वेदना नवी, तीव्र व अपरिचित असेल, तर मान चोळून वा मोडून घेऊ नये, डॉक्टरांस दाखवावी. तिच्या जोडीस भोवळ, दृष्टिदोष, बधिरता किंवा बोलण्यात अडखळ असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णास मोठ्या रुग्णालयात न्यावे.