तंबूंचे पाहुणे आणि आपली जमीन

भाताची कापणी उरकून खाचरें मोकळीं झालीं कीं, मावळांत पवनेच्या जलाशयाकांठीं आणि अकोलें तालुक्यांत भंडारदऱ्याच्या परिसरांत तंबूंचा हंगाम सुरू होतो. मुंबई-पुण्याकडील मंडळी शनिवारीं सायंकाळीं येतात, उघड्या रानांत रात्र काढितात आणि रविवारीं परततात. ज्यांच्या जमिनीवर हे तंबू पडतात त्यांपैकीं पुष्कळ जण आपल्यासारखेच खातेदार आहेत. वरकस जमिनीपासून चार पैसे मिळत असतील तर नाक मुरडण्याचें कारण नाहीं, असें आम्ही मानितों. परंतु भाडें मिळतें तें एका रात्रीचें, आणि मागें जें राहतें तें वर्षानुवर्षें जमिनींत राहतें. म्हणून या धंद्याचा विचार शेतकऱ्याच्या दृष्टीनें करणें अवश्य आहे.

परक्यानें आपल्या रानांत मुक्काम करावा ही गोष्ट आपणांस नवी नाहीं. दसऱ्यानंतर धनगरांचे वाडे देशावरून कोंकणाकडे निघतात, वाटेंतील शेतांत मेंढ्या बसवितात, आणि त्याबद्दल उलट शेतकरीच त्यांस धान्य किंवा रोकड देतो; कारण सकाळीं शेतांत लेंडीखत पडलेलें असतें. धनगर पैसे घेतो व खत ठेवून जातो. शहरचा पाहुणा पैसे देतो व घाण ठेवून जातो. हें अंतर कमी करणें जमीनमालकाच्या हातांत आहे.

पहिला प्रश्न मैल्याचा. वीस तंबू म्हणजे पन्नास माणसें, आणि संडास नसल्यास तीं सर्व सकाळीं ओढ्याकडेच वळणार. पवनेचें पाणी पिंपरी-चिंचवडला पिण्यासाठीं जातें. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें तेव्हांपासून प्रवरेच्या कालव्यांखालील शेती त्यावर पिकत आहे. तेव्हां कांठावर जें पडतें तें कोणाच्या तरी घागरींत जाणार, कदाचित् त्याच पाहुण्याच्या! एखाददुसरा वाटसरू असल्यास त्यानें पाण्यापासून निदान २०० फूट दूर जाऊन, ६ ते ८ इंच खोल खड्डा करून, वर माती लोटावी. एवढ्या खोलीवर मातींतील जीवजंतूंचें काम चांगलें चालतें. नित्य मुक्कामाच्या जागीं मात्र एवढ्यानें भागत नाहीं. तेथें दोन खड्ड्यांचा संडास बांधावा. एक भरला कीं तो बंद करून दुसरा चालू करावा, आणि बंद केलेला निदान एक वर्ष, शक्य तर दीड-दोन वर्षें, उघडूं नये. कारण जंतांचीं अंडीं फार चिवट असतात. पुढें जें निघतें तें कोरडें, निर्गंध सोनखत होय. कणकवलीच्या गोपुरी आश्रमांत अप्पासाहेब पटवर्धन यांनीं मैल्याचें सोनखत करण्याचा मार्ग आपल्या लोकांस घालून दिला, तो येथें अगदीं योग्य ठरतो. खड्डे विहिरीच्या वरच्या अंगास कधींहि घेऊं नयेत. खडक भेगाळ असल्यास अंतर आणखी वाढवावें. भांडीं व अंग धुण्याचें साबणाचें पाणी तलावांत जाऊं न देतां केळीच्या आळ्यांत किंवा अळवाच्या वाफ्यांत सोडावें.

तंबूंच्या जागेविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. मेंढ्यांचा तळ रोज हलवावा लागतो, म्हणजे खत सर्व शेतभर पडतें. तंबूंचें उलट आहे. गवताळ जमिनीचें बहुतेक नुकसान पहिल्या कांहीं रात्रींतच होतें. त्यानंतर त्याच जागीं आणखी माणसें राहिलीं तरी तें त्या मानानें थोडेंच वाढतें, पण सोडलेली जागा पूर्ववत् होण्यास मात्र वर्षें लागतात. म्हणून दर आठवड्यास नवें गवत तुडविण्यापेक्षां एकच जागा कायम नेमावी. मोकळें भातखाचर यासाठीं वरकसापेक्षां बरें, कारण चिखलणीमुळें त्याचा तळ आधींच घट्ट असतो व पुढें नांगर फिरतोच. तेथें जपावयाचे ते बांध. मोटार बांधावरून एकदां गेली कीं पावसाळ्यांत खाचराचें पाणी ठरत नाहीं. यास्तव गाड्या रस्त्यावरच थांबवाव्या.

पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवरहि कित्येक ठिकाणीं तंबू ठोकितात. ती जमीन सरकारची, आणि पावसाळ्यांत तीवरील कचरा सरळ जलाशयांत जातो. हा मोह टाळावा.

शेकोटीवांचून पाहुण्यांस चैन पडत नाहीं. जागोजाग पेटविलेल्या विस्तवानें मातींतील सेंद्रिय अंश जळतो, आणि माघ-फाल्गुनांत वाळलेल्या गवतास एक ठिणगी पुरते. आम्ही असें सुचवितों कीं शेकोटी राबाच्या वाफ्यावरच करावी. ती जागा पुढें भाजावयाचीच असते, आणि राखहि तेथेंच कामास येते. मात्र सरपण आपण पुरवावें, ओलीं झाडें तोडूं देऊं नयेत, व शेकोटींत प्लॅस्टिकचा तुकडाहि जाऊं देऊं नये; त्याचा धूर विषारी असतो आणि ती राख रोपांस घालण्याजोगी राहत नाहीं. निजण्यापूर्वीं पाणी ओतून, हात लावून, राख थंड झाल्याची खात्री करावी. राखीव वनांत विस्तव पेटविणें हा १९२७ च्या वन अधिनियमाप्रमाणें गुन्हा आहे, हेंहि पाहुण्यांस सांगून ठेवावें.

पिशव्या व थर्माकोलचीं ताटें यांस महाराष्ट्र सरकारनें २०१८ सालीं बंदी घातली, तरी तीं येतातच. खरकटें लागलेली पिशवी गाय गिळते, ती पोटांत सांचते, आणि जनावर रवंथ करीनासें होतें. पळसाच्या पत्रावळी द्याव्या. त्या उकिरड्यांत कुजून जातात. बाटल्यांवर मात्र उपाय एकच, अनामत. येतांना मोजून घ्याव्या, जातांना मोजून घेतल्यावरच रक्कम परत करावी.

मृगाच्या आगेमागें काजवे पाहण्यास भंडारदऱ्याकडे फार गर्दी लोटते. हिरडा, बेहडा, सादडा यांवर लुकलुकणारा तो प्रकाश म्हणजे नरमादींची एकमेकांस खूण असते. मोटारींच्या दिव्यांत ती खूण हरवते, आणि वीण घटते. काजव्यांच्या अळ्या ओल्या पाल्यांत राहतात व गोगलगाई खातात, म्हणजे त्या आपल्या कामाच्याच आहेत. तेव्हां दिवे मालवावे, विजेरीस तांबडा कागद लावावा, पायवाट सोडूं नये. कर्ण्यांस रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत कायद्यानेंच मनाई आहे, त्याविषयीं अधिक लिहीत नाहीं.

तंबू किती घ्यावे हें जागेवरून न ठरवितां संडासावरून ठरवावें. मागणी वाढली तर भाडें वाढवावें, तंबू नव्हे. शेजारच्या खातेदारांनीं मिळून एकच दर व त्याच अटी ठेवल्यास पाहुणा स्वस्ताईच्या शोधांत निष्काळजी मालकाकडे जाणार नाहीं. आणि हंगाम संपल्यावर, पहिल्या पावसाआधीं, जोडे घालून खाचरांतून एकदां फिरावें व कांचेचा तुकडा न् तुकडा वेंचून काढावा. कारण पुढें त्याच चिखलांत लावणीला बायामाणसें अनवाणी उतरावयाचीं आहेत.