छातीत आवाज नाही, म्हणजे हृदय ठीक?

प्रश्न : आमच्या चार महिन्यांच्या मुलीला डाऊन सिंड्रोम आहे. दूध पिताना तिला घाम येतो, वजनही वाढत नाही. छातीत जादा आवाज नाही, असं डॉक्टर म्हणाले. तरी हृदयाची तपासणी करायची का? आणि थायरॉईडची?
– एक आई, रिठद (जि. वाशीम)

उत्तर : ताई, करायचीच, आणि याच आठवड्यात. अशा जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. छिद्र मोठं असूनही सुरुवातीला स्टेथोस्कोपने काही ऐकू येत नाही, असं घडतं. म्हणून टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) हवीच. हृदयाच्या मधोमधचं मोठं छिद्र साधारण सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रियेने बुजवलेलं बरं. उशीर झाला, तर फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांवरचा दाब वाढतो आणि पुढे शस्त्रक्रियाच अशक्य होऊ शकते. ‘जरा मोठी होऊ द्या’ हा शेजारपाजारचा सल्ला इथे घातक आहे. धाप लागली किंवा ओठ निळे पडले, तर लगेच दवाखाना गाठा.

थायरॉईडची लक्षणं फसवी. सुस्ती, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा ‘हिचं असंच’ म्हणून सोडून दिली जाते. रक्ताची टीएसएच तपासणी जन्मानंतर, सहाव्या महिन्यात, वर्षाची झाल्यावर आणि मग दरवर्षी करा. थायरॉईडची गोळी सुरू झाली, तर ती लोहाच्या औषधासोबत देऊ नका.

2013 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन सिंड्रोम, जन्मजात हृदयदोष आणि जन्मजात थायरॉईडची कमतरता हे तिन्ही येतात. आशाताईंमार्फत नोंद करा, वाशीमच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेबद्दलही विचारा. जाताना रेशनकार्ड आणि जन्मदाखला सोबत ठेवा.