क्रिएटिनिन चांगलं आहे म्हणून गाफील राहू नकोस

अगं, बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘आयजीए नेफ्रोपॅथी’ वाचल्यापासून तू रात्र रात्र मोबाईल चाळतेस, असं मावशी म्हणाली. ठेव तो बाजूला. मीही या दुखण्यासोबत बरीच वर्षं संसार केलाय, तेव्हा ताईचं ऐक.

तू काही चुकीचं खाल्लंस म्हणून हे झालेलं नाही. घसा, आतडं यांची राखण करणारं आयजीए आपल्या अंगात थोडं सदोष बनतं, शरीर त्याच्यावरच उलटतं आणि तो सगळा गाळ किडनीच्या जाळीत बसतो. म्हणून तर घसा धरला की दुसऱ्याच दिवशी तुला लघवी कोकाकोलासारखी व्हायची. 1968 साली पॅरिसच्या बर्जे आणि आँग्ले यांनी हा आजार पहिल्यांदा नीट मांडला. बायोप्सीशिवाय तो पक्का कळत नाही, तेव्हा ‘उगाच सुई टोचली’ म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस.

क्रिएटिनिन नॉर्मल आलं म्हणून घरात पेढे वाटले म्हणे! ते उशिरा वाढतं गं. लघवीला येणारा फेस, म्हणजे त्यातून जाणारं प्रोटीन, ही खरी खूण. दिवसाला अर्ध्या ग्रॅमच्या खाली, जमलं तर 0.3 पर्यंत, ते आणायचं. त्यासाठीच तुला टेल्मिसार्टन दिलंय. ‘माझं बीपी तर बरं आहे’ म्हणून गोळी सोडू नकोस, ती जाळीवरचा दाब कमी करते. जोडीला डॅपाग्लिफ्लोझिन दिलं, तर ‘ही डायबेटिसची गोळी, मला कशाला?’ म्हणून दुकानदाराशी वाद घालू नकोस. स्टिरॉइडचा कोर्स सगळ्यांना लागत नाही. लागला तर चेहरा सुजतो, साखर वाढते, पण मनानं एकदम बंद करायचा नाही. आतड्यातच विरघळणारं ब्युडेसोनाइड अमेरिकेत 2021 साली मंजूर झालं, त्यानंतर आणखीही औषधं आली. ती महाग आहेत. आपल्याला त्यांची गरज आहे का, हे किडनीच्या डॉक्टरांना सरळ विचार.

पापड, लोणचं, ठेचा यांच्याशी जरा कट्टी. दिवसभराचं मीठ चमचाभराच्या आत. ‘लो सोडियम’ मीठ मात्र मुळीच आणू नकोस. त्यात पोटॅशियम असतं आणि तुझी गोळीही पोटॅशियम वाढवते. पाळीत पोट दुखलं तर आयब्युप्रोफेन नको, पॅरासिटामॉल चालेल. वैद्यांच्या भस्माच्या पुड्या मामीनं कितीही प्रेमानं दिल्या तरी नकोत. जुलाब-उलट्या लागल्या तर टेल्मिसार्टन घ्यायचं की थांबवायचं, हे त्याच दिवशी फोन करून विचार.

पुढे काय, हेच ना? खोटा धीर देणार नाही. 20 वर्षांत 20 ते 40 टक्के लोकांची किडनी निकामी होते, असा जुना हिशेब आहे. प्रत्यारोपणानंतरही आजार परत डोकावू शकतो. पण तो हिशेब ही नवी औषधं येण्याआधीचा, आणि ज्यांचं प्रोटीन खाली राहतं त्यांचा उतार बराच संथ असतो.

मुलाचा विचार सुरू झाला की आधी डॉक्टरांकडे जा, पाळी चुकायची वाट बघू नकोस. टेल्मिसार्टन गरोदरपणात बाळाला घातक आहे, ते बदलून देतात. प्रोटीन आणि बीपी आटोक्यात असताना दिवस राहिले तर बऱ्याच जणींचं सुखरूप पार पडतं. सासूबाईंना हे कसं सांगायचं, ते रविवारी ये, निवांत बसून ठरवू.