तटाआंतील कुलीन

मुरबे गांवाच्या उत्तरेस तारापूरचा जुना किल्ला आहे. तो कोणाचा, असें वर्गांत विचारलें कीं "पोर्तुगीजांचा" एवढेंच उत्तर येतें. परंतु पोर्तुगीजही सर्व एका पायरीवरचे नव्हते. वसईच्या तटाआंत वाडे बांधून राहणाऱ्या त्यांच्या कुलीन वर्गास 'फिदाल्गो' म्हणत. या शब्दाचा मूळ अर्थ 'कांहींतरी असलेल्याचा पुत्र' असा आहे. हें 'कांहींतरी' म्हणजे नेमकें काय?

हाच प्रश्न मध्ययुगीन इटलींतही पडला होता. युरोपांत अन्यत्र बहुतेक सरदार खेड्यांतील गढ्यांत राहत. इटलींतील पुष्कळ उमराव मात्र शहरांत राहत व उंच मनोरे बांधीत. बोलोन्या येथील असिनेल्ली मनोरा सुमारें ९७ मीटर उंच असून अद्याप उभा आहे. हे उमराव खेड्यांतील जमिनींचा वसूल घेत, घोड्यावर बसून लढत आणि व्यापारांतही पैसा घालीत. मग उमराव कोण आणि धनाढ्य व्यापारी कोण, हें ओळखावें कसें? अखेर तें शहराच्या कायद्यानेंच ठरविलें. फ्लॉरेन्सनें १२९३ सालीं दांडग्या उमराव घराण्यांकडून सद्वर्तनाचा जामीन घेतला व त्यांस सर्वोच्च अधिकारपदांपासून दूर ठेविलें. उलट व्हेनिसनें १२९७ पासून महासभेचीं दारें हळूहळू ठराविक घराण्यांपुरतींच उघडीं ठेविलीं. म्हणजे कुलीनता ही एका नगरांत अडचण, तर दुसऱ्यांत अधिकार! रक्त तेंच; पण त्याचें मोल ठरवी नगर.

आतां वसईकडे वळूं. १५३४ सालीं गुजरातच्या बहादूरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली. पुढें राजाच्या नांवानें फिदाल्गोंस गांवें मिळूं लागलीं. तीं बहुधा तीन पिढ्यांपुरतीं असत. अट अशी, कीं दरसाल ठरलेला खंड भरावा आणि प्रसंगीं घोडा व शस्त्रें घेऊन चाकरीस हजर व्हावें. स्त्रियांकडेही अशीं गांवें असत. १६६५ सालीं मुंबई इंग्रजांच्या ताब्यांत गेली, तेव्हां दोना इग्नेस दे मिरांदा ही तेथील मालकीण होती. इटलीप्रमाणेंच येथेंही वाडा शहरांत आणि वसूल खेड्यांतून, अशी व्यवस्था होती. कष्ट शेतकऱ्याचे, प्रतिष्ठा तटाआंतील धन्याची.

म्हणून ध्यानांत घ्या: फिदाल्गोचें गांव ही नुसती बक्षिशी नव्हती, तें चाकरीचें वेतन होतें. चाकरीचा विसर पडून केवळ वसूल व किताब उरला, कीं कुलीनता पोकळ होते. जानेवारी १७३९ मध्यें मराठ्यांनीं तारापूर घेतलें. त्याच वर्षीं मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं वसई घेतली आणि ही सारी व्यवस्था मोडली.

वसईच्या किल्ल्यांत गेलांत तर पडक्या चर्चच्या फरशीवरील थडग्यांचे शिलालेख अवश्य पाहा. तेथें थोर घराण्यांचीं नांवें दगडांत कोरलेलीं आहेत. ज्यांच्या घामावर तीं घराणीं पोसलीं त्या शेतकऱ्यांचीं नांवें तेथें नाहींत. पण त्यांचीं गांवें अजून नांदत आहेत. "तूं कोणाच्या घरचा?" असें कोणीं विचारिल्यास उत्तर अवश्य द्यावें, मात्र "तूं कोणाच्या उपयोगी पडलास?" याचेंही उत्तर जवळ असावें.