कर्तव्य आणि हुकूम



“आपले कर्तव्य करा,” असे आम्ही शिक्षकी पेशात असताना मुलांना नेहमी सांगत असू. परंतु कर्तव्य ओळखायचे कसे? ह्या प्रश्नाचा खोलवर विचार करणाऱ्या इमॅन्युएल कांट ह्या जर्मन तत्त्वज्ञाची आज ओळख करून घेऊ.

कांटचा जन्म १७२४ साली प्रशियातील क्योनिग्सबर्ग शहरी, घोड्याचे सामान बनविणाऱ्या एका कारागिराच्या घरी झाला. नीतिशास्त्राचा पाया घालणारा त्याचा ग्रंथ १७८५ साली प्रसिद्ध झाला. बर्लिनचा यहुदी वैद्य मार्कुस हर्ट्स हा त्याचा शिष्य होता.

कांट म्हणतो, कृत्याचे मोल हेतूवर ठरते. कोकणात आपल्या वाडवडिलांचे तेलाचे घाणे होते. समजा, एक तेली गिऱ्हाईक तुटेल ह्या भीतीने पुरे माप देतो, आणि दुसरा तेच योग्य आहे म्हणून देतो. माप सारखेच; पण नैतिक मोल दुसऱ्याच्याच कृत्याला.

मग योग्य काय, हे कसे ठरवावे? त्यासाठी दोन कसोट्या लक्षात ठेवाव्या. पहिली : मी ज्या नियमाने वागतो तो सर्वांचा नियम व्हावा, असे मला म्हणता येईल काय? परत न करण्याच्या इराद्याने कोणी उसने पैसे मागतो. सर्वच तसे करू लागले तर वचनावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि उसने मिळणेच बंद होईल. दुसरी : माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये.

१९६१ साली यरुशलेम येथील खटल्यात आइखमनने आपण कांटच्या शिकवणीप्रमाणे जगलो, असा दावा केला. न्यायाधीशांनी विचारल्यावर त्याने पहिली कसोटी जवळजवळ बरोबर सांगितलीही! मग चूक कोठे? त्याने वरिष्ठांच्या हुकमालाच कर्तव्य मानले. कांटच्या मते नैतिक नियम बाहेरून येत नाही. प्रत्येकाची विवेकबुद्धी तो स्वतःला घालून देते. म्हणून “मला तसा हुकूम होता” ही सबब तेथे चालत नाही.

आम्हीही वर्गात कित्येकदा आज्ञाधारक मुलालाच गुणी म्हटले. आज वाटते, आज्ञा पाळण्याबरोबर ती तपासून पाहण्यासही शिकवायला हवे होते. निदान नातवंडांना तरी आपण ते शिकवू या.